सिस्टर जिथे, तिचा कम्प्युटर तिथे

(दृश्य: धुळे. रात्र. महामार्गावरचे ट्रक, मग कॅज्युअल्टीचं दार.)

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. म्हणून इथल्या कॅज्युअल्टीला रात्रीची उसंत अशी फारशी मिळत नाही. अपघाताचा पेशंट आला की डॉक्टर त्याला तपासतात, सीटी सांगतात, रक्त मागवतात आणि त्याच्या मागोमाग आयसीयूत जातात. ठिकाण बदललं की कम्प्युटर बदलतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. यावरचा एक उपाय म्हणजे व्हर्च्युअल डेस्कटॉप: कुठल्याही टेबलावर उघडणारा आपलाच कम्प्युटर. आधी दुखणं बघू, मग उपाय.

मशीन सुरू करा, पासवर्ड टाका. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर उघडा, तिथे दुसरा पासवर्ड. लॅबच्या रिपोर्टसाठी तिसरा. तेवढ्यात काउंटरपाशी साक्रीकडचे वडील विचारतात, "ताई, मना पोऱ्याना रिपोर्ट उना का?" रिपोर्ट कधीचाच आलेला असतो. तो पडद्यावर यायचा असतो.

(दृश्य: नर्सिंग स्टेशन. एकच कम्प्युटर, भोवती चौघे.)

मग माणसं आपापली वाट काढतात. सकाळी ज्या सिस्टरने लॉगिन केलं, तिचंच खातं दिवसभर उघडं राहतं. इंटर्न त्यातच ऑर्डर टाकतो, दुपारची सिस्टर त्यातच औषध दिल्याची नोंद करते. काम निभतं. पण एखादा डोस चुकला, चौकशी लागली, की कागदोपत्री नाव निघतं सकाळच्या सिस्टरचं. ती तेव्हा घरी होती, हे तिनेच पटवून द्यायचं. या विषयातली सगळ्यात गंभीर बाब आम्हाला हीच वाटते. वाचलेल्या मिनिटांबद्दल सगळे बोलतात. नोंदीवर कुणाचं नाव पडतं याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

(दृश्य: सिस्टर रीडरवर ओळखपत्र टेकवते. पडदा उजळतो.)

व्हर्च्युअल डेस्कटॉप इथे उपयोगी पडतो. तुमचं खातं एटीएममध्ये नसतं, बँकेत असतं, म्हणून कुठल्याही एटीएमवर ते दिसतं. इथेही तसंच. सिस्टरचा कम्प्युटर खरं तर सर्व्हरवर, म्हणजे रुग्णालयाच्या मोठ्या मध्यवर्ती मशीनवर, सर्व्हर रूममध्ये चालू असतो. टेबलावर असते फक्त एक छोटी पेटी, तिला थिन क्लायंट म्हणतात. पडद्याचं चित्र सर्व्हरवरून तिच्याकडे येतं, सिस्टरने दाबलेली कळ आणि हलवलेला माऊस सर्व्हरकडे जातो. पेशंटची माहिती त्या पेटीत साठत नाही. पेटी चोरीला गेली तरी केसपेपर चोरीला जात नाहीत.

हे जवळून बघा. सिस्टर बेड नंबर आठची सलाइनची नोंद लिहीत होती. "रात्री २.१० वाजता आरएल" इथवर लिहून झालं आणि आयसीयूतून हाक आली. तिने कार्ड टेकवलं, पडदा बंद. आयसीयूत जाऊन तिथल्या रीडरवर कार्ड टेकवलं, तर तेच वाक्य, कर्सर "आरएल"च्या पुढे उभा. पाळीच्या सुरुवातीला एकदा पासवर्ड टाकायचा, पुढे कार्डावर भागतं. लॉगिन इतकं सोपं झालं की दुसऱ्याचं खातं वापरायची गरज उरत नाही, आणि प्रत्येक नोंदीखाली जिचं तिचं नाव येतं. मात्र कार्ड खिशातच राहायला हवं. तेही ड्रॉवरमध्ये सगळ्यांसाठी ठेवलं, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

(दृश्य: मे महिना. जळगावचा रस्ता, दुपार.)

आता खान्देशाचं बघू. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. साध्या कम्प्युटरचा पंखा धूळ ओढतो, आतलं तापतं, मशीन बंद पडतं. बहुतेक थिन क्लायंटना पंखाच नसतो आणि वीजही बरीच कमी लागते. पण त्याने उष्णतेचा प्रश्न मिटत नाही, तो सर्व्हर रूममध्ये गोळा होतो. तिथला एसी बंद पडला तर एक टेबल नाही, सगळं रुग्णालय थांबतं. म्हणून एसी दोन हवेत, सर्व्हरही जोडीने हवेत. आणि यूपीएस फक्त सर्व्हरला लावून भागत नाही. प्रत्येक मजल्यावरच्या नेटवर्क स्विचला, म्हणजे तिथल्या कम्प्युटरच्या तारा जोडणाऱ्या पेटीला, तो लागतो. ही गोष्ट हमखास राहून जाते आणि पहिल्यांदा लाइट गेली की कळते.

दुसरी अडचण ड्यूटी बदलताना येते. सकाळी आठला सगळे एकदम लॉगिन करतात, सर्व्हर धापा टाकतो. उपाय सोपा आहे: साडेसातलाच डेस्कटॉप तयार करून ठेवायचे. प्रिंटरचं दुखणं त्याहून चिवट. डिस्चार्ज कार्ड पहिल्या मजल्यावर मागितलं आणि छापलं गेलं तळमजल्यावर, की पेशंटचे नातेवाईक जिने चढ-उतार करत बसतात. सिस्टर जिथे बसली आहे, तिथलाच प्रिंटर आपोआप निवडला जाईल अशी सोय आधी करून घ्यावी. रेडिओलॉजिस्टला मात्र या योजनेतून बाहेर ठेवलेलं बरं. सीटीची बारीक सावली वाचायला त्यांचं स्वतःचं ताकदीचं मशीन असू द्यावं.

(दृश्य: सातपुडा. वळणाचा घाट, मोबाइल टॉवर.)

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-मोलगीकडे गेलं की प्रश्नच बदलतो. या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. अंगदुखीने कळवळणारं पोर आलं, तर त्याचा जुना रिपोर्ट आणि मागच्या वेळी दिलेली औषधं तिथल्या तिथे दिसायला हवीत. पण व्हर्च्युअल डेस्कटॉपला सर्व्हरपर्यंतची लाइन अखंड लागते. जिल्ह्याच्या रुग्णालयात सर्व्हर त्याच इमारतीत असेल, तर इंटरनेट गेलं तरी आतलं काम चालू राहतं. डोंगरातल्या केंद्रात लाइन तुटली की पडदा कोरा होतो. तिथे नोंदी आपल्याजवळ साठवून नंतर पाठवणारा साधा कम्प्युटरच आजघडीला बरा, असं आमचं मत आहे.

(दृश्य: जुन्या सीपीयूंची रांग.)

खर्च? सर्व्हर आणि लायसन्सचा आकडा लहान नाही. पण जुनी मशीन भंगारात काढायची गरज नाही. त्यांतल्या बऱ्याच मशीनवर विंडोज १० असतं, आणि त्याचा नेहमीचा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनवर हलकी लिनक्स प्रणाली टाकली की तीच थिन क्लायंट होतात.

सगळं एका जागी आणलं की राखणही तिथेच करावी लागते. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे ओपीडी, भरती, लॅब यांचं बरंच काम कागदावर चाललं. व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये सुरक्षेची दुरुस्ती एका मूळ प्रतीत केली की सगळीकडे पोचते, हा फायदा मोठा. पण तीच जागा पडली तर सगळं पडतं. बॅकअप नेटवर्कपासून तोडून ठेवलेला हवा आणि छापील फॉर्मचा गठ्ठा प्रत्येक वॉर्डात हवा.

(दृश्य: कॅज्युअल्टी. हातमोजे घातलेला हात, रीडर.)

आणि खरेदीच्या आधी चाचणी घ्यायची ती कॉन्फरन्स हॉलमध्ये नको. कॅज्युअल्टीत, रात्रपाळीला, हातमोजे घातलेल्या सिस्टरकडून घ्या. मुद्दाम जनरेटरवर जाऊन घ्या. कार्ड टेकवल्यापासून पेशंटचं पान उघडेपर्यंत किती सेकंद लागले ते तिलाच लिहू द्या, आणि कागदावर सही करायच्या आधी तिचा कागद वाचा.