यकृत बिघडतं तेव्हा हात का चुकतात

यकृताचा आजार म्हटला की आपल्याकडे कावीळ आणि पोटात पाणी, एवढंच डोळ्यांपुढे येतं. सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत कडक होण्याच्या, कितीतरी रुग्णांत हातांची गडबड मात्र त्याआधीच सुरू झालेली असते. निपाणीकडं विडी वळणारी बाई घ्या. पान कापून होतं, तंबाखू भरून होतो, पण दोरा बांधताना बोटं अडखळतात. दिवसाचा आकडा घसरतो, मजुरी घटते. घरी थापताना भाकरी मोडते, रस्ता ओलांडताना येणाऱ्या रिक्षाचा अंदाज चुकतो. ‘पाळी जायचं वय आहे,’ ‘लक्ष कुठं असतं हिचं,’ असं म्हणून घरचे मोकळे होतात.

आतड्यात अमोनिया सतत तयार होत असतो. निरोगी यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे जातो. यकृत कडक झालं की बरंचसं रक्त त्याला वळसा घालून पुढं जातं आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचून हातांचा ताबा बिघडवतो. अशा वेळी अमोनिया निपटायचं थोडं काम स्नायू करतात. बायकांच्या अंगात मुळात स्नायू कमी, त्यात सोमवार, संकष्टी, एकादशी. उपाशीपोटी शरीर स्नायूच मोडून खातं. सिरॉसिस असलेल्या बाईनं कडक उपास धरू नये, हे मी स्पष्टच सांगतो. देवाला चालतं, सासूबाईंना पटवावं लागतं.

घरी काय बघायचं? दोन्ही हात पुढं ताठ, मनगटं वर वळवलेली, बोटं फाकलेली, असे ३० सेकंद धरायला सांगा. पंजा मध्येच खाली पडून पुन्हा सावरत असेल तर ती साधी थरथर नव्हे. स्नायूंचा ताण क्षणभर सुटतोय. पण हे दिसेपर्यंत आजार पुढं गेलेला असतो. त्याआधीचं पकडायला ६० सेकंदांत जनावरांची नावं सांगायला लावतात. मराठी, कन्नड, दोन्ही मिसळून, कशीही चालतात. शाळेत न गेलेल्या बाईलाही जमते म्हणून ही चाचणी मला आवडते. नावं १० पेक्षा कमी आली तर डॉक्टरांना दाखवाच. १० ते १५ मध्ये असली तरी तपासून घेतलेलं बरं. दिवसा झोप आणि रात्री टक्क जाग, हीही सुरुवातीची खूण.

औषध म्हणजे लॅक्टुलोज, शौच मऊ करून आतड्यातला अमोनिया बाहेर काढणारं पातळ औषध. साधारण १५ ते ३० मिली, दिवसातून दोन-तीन वेळा. मोजायचं मात्र चमच्यावर नाही, संडासावर. दिवसाला दोन-तीन मऊ शौच झाल्या पाहिजेत. एकच झाली तर डोस कमी पडतोय. पाण्यासारखी पाच-सहा वेळा झाली तर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम जाऊन गोंधळ उलट वाढतो. खरी अडचण वेगळीच. २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बाईला साध्या सरकारी बसचं तिकीट नाही, पण खानापूरहून बेळगावला यायचं तर वाटेत संडास कुठं? म्हणून बाई त्या दिवशी औषधच घेत नाही. डोस चुकवू नका. प्रवासाच्या दिवशीची वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

‘लिव्हर खराब आहे, डाळ बंद’ हा सल्ला जुना झाला. किलोमागं १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला ६६ ते ८२ ग्रॅम. डाळ, मटकी, दूध, दही, खात असाल तर अंडी, हे दिवसभर थोडं थोडं. सगळ्यांची पानं वाढून उरेल ते खायचं, या सवयीत एवढं पोटात जात नाही. रात्री झोपण्याआधी एक जोंधळ्याची भाकरी आणि पेलाभर दूध घ्या, म्हणजे सकाळपर्यंतचा उपास तुटतो.

झोपेची गोळी, अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, आणि ‘लिव्हरसाठी’ म्हणून दिलेला कुठलाही काढा टाळा. गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडल्या आहेत.

प्रत्येक वेळी कारण अमोनियाच असेल असं नाही. तरुण मुलीचं अक्षर बिघडलं, बोलणं जड झालं, तर विल्सनचा आजार, म्हणजे तांबं साठणं, तपासावा लागतो. सापडला तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करायची. अंगाची एकच बाजू एकाएकी लुळी पडली तर तो पक्षाघात समजून लगेच हलवायचं. आणि सिरॉसिसच्या बाईला काळी शौच, रक्ताची उलटी, ताप किंवा हाक मारूनही न उघडणारे डोळे, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच १०८ ला फोन करा.