पाणी उतरतं तसे पक्षी उतरतात

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा सरत आला की बातम्यांत एक आकडा रोज कानावर पडतो. जायकवाडी इतके टक्के भरलं. शेतकऱ्याला त्यातून रब्बीला कालव्याच्या किती पाळ्या मिळतील ते कळतं. पक्षी पाहणाऱ्यालाही त्यातून एक गोष्ट कळते: या रविवारी कोणत्या पाण्यावर जायचं.

नाथसागर, म्हणजे जायकवाडीचाच जलाशय, पाखरांसाठी प्रसिद्ध आहे, १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. त्यामुळे ऑक्टोबर लागला की माणसं सरळ पैठणची वाट धरतात. चांगल्या पावसाच्या वर्षी त्या दिवसांत पाणी १५२२ फुटांच्या पूर्ण पातळीला टेकलेलं असतं. ते काठच्या बाभळींत शिरलेलं असतं आणि उघडा गाळ कुठेच नसतो. मग चार बगळे, दोन पाणकावळे बघून लोक परततात आणि म्हणतात, यंदा पाहुणे आलेच नाहीत. पाहुणे आलेले असतात, पण ते गावाबाहेरच्या पाझर तलावावर उतरलेले असतात.

कोकणात खाडीवर जाणारा माणूस भरती-ओहोटीची वेळ पाहून निघतो, कारण तिथे दिवसातून दोनदा चिखल उघडा पडतो. आपल्याकडे ओहोटी वर्षातून एकदाच येते आणि काही महिने चालते. कालव्याला आवर्तन सुटतं, ऊन पाणी ओढतं, तसा काठ इंचाइंचाने मागे सरकतो. त्या ओल्या पट्ट्यात किड्यांच्या अळ्या असतात, आणि लांबून आलेल्या दमलेल्या पाखराला हव्या असतात त्या याच. लहान तळी आधी आटतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात ती आधी पाहायची. डिसेंबरनंतर नाथसागरचा काठ उघडा पडतो, गाळपेरीची जमीन मोकळी होते, तेव्हा तिकडे जायचं. माजलगावला, येलदरीला किंवा मांजरा धरणावरही हाच हिशोब ठेवा.

पाणी किती खोल आहे यावरून तिथे कोण असेल ते बरंच सांगता येतं. छोटा टिलवा चिमणीएवढा, तो बोटभर पाण्यातही जात नाही, ओल्या चिखलावर टिपत पळतो. वीतभर पाण्यात लांब लाल पायांचा शेकाट्या. त्याच्याजवळच पाणटिवळा, लांब सरळ चोच बुडापर्यंत खुपसून. हातभर पाण्यात तलवार बदक डोकं खाली, शेपूट वर करून तळाचं खातं. काठ उभा, दगडी पिचिंगचा असेल तर यातलं फारसं काही मिळणार नाही. ज्या बाजूला ढोरं पाण्यावर उतरतात तो उताराचा काठ धरा.

साडेसहाच्या आत पोहोचा. ऑक्टोबरच्या उन्हात नऊनंतर पाण्यावर हवा थरथरू लागते. मग कितीही भारी दुर्बीण असली तरी दूरचा पक्षी पाण्यातल्या सावलीसारखा हलतो आणि पायाचा रंग कळत नाही. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर उभं राहायचं. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं असलेली, पुरते. दहापटीची घेतली की हाताची थरथरही तेवढीच मोठी होते, आणि नवख्याला पक्षी भिंगात सापडायलाच वेळ लागतो. तिवईवरची मोठी दुर्बीण असेल तर २५-३० पटीच्या वर नेऊ नका. त्यापुढे वाफच मोठी दिसते.

आता गाळाबद्दल, कारण इथे माणसं खरोखर अडकतात. काळ्या मातीचा गाळ वरून वाळून भेगाळतो आणि खाली लोण्यासारखा मऊ राहतो. भेगा दिसल्या म्हणजे जमीन टणक झाली असं नव्हे. हातात काठी ठेवा. जोर न लावता ती वीतभर आत गेली तर तिथूनच मागे फिरा. जनावरांचे खूर उथळ उमटलेत ती वाट त्यातल्या त्यात भरवशाची. बेशरमाच्या झुडपांचा आडोसा चांगला मिळतो, पण आत शिरण्यापूर्वी काठी आपटा. तिथे घोणस असू शकते, म्हणून पायात चप्पल नको, बूट हवा.

ओळखण्यात सगळ्यात जास्त गोंधळ तुतारी या काठावर चरणाऱ्या पाखराचा होतो. ठिपकेवाली आणि हिरवी, दोघी एकाच काठावर चरतात, दोघींची शेपूट वरखाली होते. उभी असताना डोळ्यावरची पांढरी रेघ बघा. ठिपकेवालीची डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरवीची डोळ्यापाशीच संपते. खात्री मात्र उडताना होते. हिरवीचा पंख खालून काळपट, त्यावर पांढरंशुभ्र बूड, दुरून पाकोळीच उडाली असं वाटतं. ठिपकेवालीचा पंख खालून फिकट. तिसरी सामान्य तुतारी, तिच्या खांद्यापाशी पांढरा बाक असतो आणि ती पंख ताठ धरून पाण्याला चिकटून उडते.

बदकांचा घोळ वेगळा. चित्रातला भुवई बदकाचा नर, डोळ्यावर पांढरी ठसठशीत भुवई असलेला, मनात धरून गेलात तर ऑक्टोबरात तो सापडणारच नाही. विणीनंतर नरांची रंगीत पिसं गळतात आणि ते मादीसारखे मळकट होतात. भुवई बदक तर हिवाळा सरेपर्यंत त्याच वेषात राहतं. म्हणून या दिवसांत रंग सोडा, चोच आणि बांधा पाहा. चोच फावड्यासारखी रुंद असेल तर तो थापट्या. मान लांब, चोच राखाडी, शेपूट टोकदार असेल तर तलवार बदक. डोळ्यातून काळी रेघ आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका, तर भुवई बदक.

जवळ किती जायचं, हे पाखरंच सांगतात. चरणं थांबलं, माना ताठ झाल्या, थवा एका दिशेला चालू लागला, की तुम्ही जास्त पुढे आलात. दोन पावलं मागे सरा आणि खाली बसा. फोटोसाठी थवा उठवणं हा मला या छंदातला सगळ्यात मोठा गुन्हा वाटतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराची चरबी संपलेली असते, आणि दर उड्डाणाला ते उरलेली शिल्लक खर्च करतं. ड्रोन तर नकोच. अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वन्यजीव विभागाकडे आधी विचारणा करा.

मोजणी थवा पाण्यावर बसलेला असतानाच करा. आधी नेमके दहा मोजा. त्या दहांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते डोळ्यात ठेवा आणि तेवढे तुकडे थव्यावर मांडत जा. वहीत तारीख, वेळ, पाणी काठापासून किती मागे आहे आणि किती वेळ थांबलात, एवढं लिहाच. काही दिसलं नाही तर तेही लिहा.

पट्टकादंब हे हंस सगळ्यात उशिरा, थंडी पडल्यावर येतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. दिवसा पाण्यावर बसतात आणि संध्याकाळी हरभऱ्या-गव्हाच्या शेतांकडे निघतात. थव्यातली एकेक मान नीट पाहा. मंगोलियात काहींच्या गळ्यात रंगीत पट्टा अडकवतात, आणि त्यावर अक्षर व आकडे असतात. असा पक्षी दिसला तर पट्ट्याचा रंग, अक्षराचा रंग आणि आकडे ज्या क्रमाने दिसतील त्याच क्रमाने तिथल्या तिथे लिहून घ्या. एखादं अक्षर वाचता आलं नाही तर अंदाजाने भरू नका, जागा कोरी सोडा. ठिकाण आणि तारखेसह ही नोंद मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवा.