आवाज तर येतोय, लाईट कुठाय

हा आवाज ऐका जरा. जनरेटर दणदणीत चालू आहे, सायलेन्सरमधून धूर येतोय, चौकातली फरशी थरथरतेय, आणि त्याच वेळी मागे मावशीच्या स्वयंपाकघरात बघा, ट्यूब दोन्ही कडांना नुसती लाल होतेय, पेटत नाहीये, आणि पंखा असा फिरतोय की पाती मोजता येतील.

ग्वाल्हेर, लष्कर, दौलतगंज. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, म्हणून हे लष्कर, आणि गंजाला नावही त्यांचंच. वाडा जुना, चौक बंदिस्त, वायरिंग अजून अर्धं लाकडी पट्टीवरचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी लाईट गेली की इन्व्हर्टर तीन-चार तास तग धरतो, मग कूलर बंद, आणि काकांना दमा आहे. म्हणून हा पेट्रोलचा दोन केव्हीएचा जनरेटर, जिन्याखाली झाकून ठेवलेला.

आता जनरेटर ही या गावाला नवी गोष्ट नाही. नव्वदीच्या दशकात आणि पुढेही मध्य प्रदेशात विजेचे असे हाल होते की २००३ ची निवडणूकच बिजली, सडक, पानी या तीन शब्दांवर झाली. त्या दिवसांत बाजारात एक माणूस मोठा डिझेल जनरेटर लावायचा, दुकानादुकानाला वायर ओढायचा आणि बल्बमागे महिन्याचे पैसे घ्यायचा. ही बघा, भिंतीवरून लोंबणारी काळी वायर, ती त्याच काळातली. माणूस गेला, मशीन गेलं, वायर तशीच राहिली. हिच्यावर नंतर येऊ.

तर झालं काय, की मशीन बिघडलं तेव्हा मावशीने कोपऱ्यावरच्या स्कूटर मेकॅनिकला बोलावलं. आपण सगळे हेच करतो, मीही केलं असतं. कारण जनरेटर म्हटलं की आपल्याला इंजिनच दिसतं, दोरी ओढायची आणि भुर्र. त्याने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, आणि हे काम चांगलंच केलं हो, त्यात खोट नाही. महिनोन्महिने पेट्रोल तसंच पडून राहिलं की जेटमध्ये चिकट थर बसतो, आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला तर पाणी ओढून घ्यायची सवय. मशीन एका झटक्यात सुरू झालं. पण ट्यूब लागेना. मग त्याने काय केलं, तर रेस वाढवली. गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा, स्क्रू पिळत गेला, पिळत गेला, ट्यूब पेटली, सगळे खूश, ८०० रुपये घेतले आणि गेला.

तिसऱ्या दिवशी सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर जळाला आणि दोन एलईडी बल्ब गेले.

मावशी म्हणाली, "अरे, नवेच होते रे ते बल्ब, काढून बघ ना कोणत्या कंपनीचे आहेत." बल्बाचा काही दोष नव्हता.

आपल्याकडे लाईट येते ती २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे. हे ५० हर्ट्झ अशा छोट्या मशीनमध्ये येतात ते इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारतं तेव्हा. कमी-जास्त फेरे म्हणजे कमी-जास्त हर्ट्झ, सरळ हिशोब. आणि या मशीनमध्ये व्होल्टेज सांभाळायला एवीआर नावाचं कार्ड नाही, नुसता एक कंडेन्सर आहे, आपल्या पंख्यात असतो तसा पण मोठा. तो म्हातारा झाला की व्होल्टेज पडतं. मग रेस वाढवली की व्होल्टेज चढतं खरं, पण नुसतं चढत नाही, उडी मारतं. म्हणजे ताप उतरवायचा सोडून थर्मामीटर बर्फात ठेवल्यासारखं झालं ते.

मग मी जनरेटर दुरुस्तीवाल्यांना फोन लावायला बसलो. पहिल्या तिघांनी एकच प्रश्न विचारला, "कौन सी कंपनी का है?" आणि लगेच रेट. चौथा माणूस मात्र गप्प राहून ऐकत होता आणि मग म्हणाला, "लोड कितना है, और घर में लाइन कैसे दी है?" मी अडखळलो. लाईन कशी दिलीये म्हणजे? वायर लावलीये की.

तो चौथा आला तेव्हा त्याच्या बॅगेत आधी व्होल्टेज मोजायचं मीटर निघालं, पाना नंतर. कागद मागायला मला लाज वाटत होती, आपल्याकडे डॉक्टरचं सर्टिफिकेट कोणी मागत नाही तर वायरमनचं कुठे मागणार. पण मी मागितलं आणि त्याने काही वाटून न घेता पाकिटातून काढून दिलं. आयटीआयचं इलेक्ट्रिशियन ट्रेडचं, दोन वर्षांचं, आणि दुसरं सरकारी लायसन्सिंग बोर्डाचं परमिट, फोटोवालं, ज्यावर मुदत लिहिलेली असते. मुदत बघायचीच, बरं का. त्यानेच सांगितलं की डिझेल मेकॅनिकचा ट्रेड वेगळा, तो एक वर्षाचा, आणि तो माणूस इंजिनात त्याच्यापेक्षा भारी असू शकतो. "इंजिन का काम होता तो मैं खुद मना कर देता," हे त्याचं वाक्य मला फार आवडलं.

आता बघा तो काय करतोय. घरातला सगळा लोड काढला. मशीन सुरू केलं, मीटर लावलं. २७२ व्होल्ट, ५७ हर्ट्झ. हे बघून तो हसला नाही, मशीन बंद केलं फक्त. मग कव्हर उघडलं, आणि हात घालायच्या आधी कंडेन्सरची दोन टोकं एका रेझिस्टन्सने जोडून त्याच्यातला चार्ज काढून टाकला. मशीन बंद असलं तरी तो झटका देऊ शकतो, हे मला माहीतच नव्हतं. कंडेन्सरवर लिहिलेलं २० मायक्रोफॅरड, मीटरवर आले ११. तेवढंच दुखणं. वाइंडिंग तपासलं, ठीक होतं. नवा कंडेन्सर बसवला, गव्हर्नरचा स्क्रू परत मागे, बिनलोडचं ५२ हर्ट्झच्या आसपास ठेवलं, म्हणजे लोड पडल्यावर ते पन्नासवर येऊन बसतं. २३४ व्होल्ट. ट्यूब पेटली. आणि या वेळी रेस न वाढवता.

मला वाटलं संपलं. चहा झाला. तो म्हणाला, "अब वायर दिखाइए."

मावशीने ड्रॉवरमधून काढली. काळी, जाड, आणि दोन्ही टोकांना पिन. ही वायर ज्यांच्या घरी जनरेटर आहे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितली असेल. एक टोक मशीनमध्ये, दुसरं टोक गीझरच्या सॉकेटमध्ये, आणि पूर्ण घरात लाईट. मेन स्विच पाडायचा असतो, तो काका पाडायचे. आठवण असेल तेव्हा.

पडायचा राहिला तर काय होतं? तो बोटाने खांब दाखवत सांगत होता आणि आम्ही सगळे खिडकीत. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४१५ करतो आणि त्यातली एक फेज आपल्याकडे २३० होऊन येते, पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. खालून २३० गेले की वर हजारो निघतात. बऱ्याच वेळा काय होतं की सगळ्या मोहल्ल्याचा लोड बिचाऱ्या दोन केव्हीएवर येतो आणि मशीन बंद पडतं, म्हणून लोक म्हणतात काही होत नाही. पण वर फ्यूज काढलेला असला किंवा तार तुटलेली असली तर लोड येतच नाही, मशीन मजेत चालत राहतं, आणि नेमका त्याच वेळी लाइनमन खांबावर असतो, लाईन मेलेली समजून. कारण तार तुटली म्हणूनच तर तो आलेला असतो. १९१२ या बिजलीच्या तक्रार नंबरवर कंप्लेंट आपणच केलेली असते.

काका एकदम शांत झाले होते. मग म्हणाले, "तेवीस वर्षं लावतोय मी ही वायर."

ती वायर आणि ती बाजाराच्या काळातली लोंबती वायर, दोन्हींचा निकाल त्या दिवशीच लागला. लोंबती वायर दुसऱ्या टोकाला कुठे जोडलीये हे वाड्यात कोणालाच माहीत नव्हतं, त्याने टेस्टर लावला, मग मीटर लावलं, मग छतापर्यंत जाऊन बघितलं आणि मगच कापली. घराच्या लाईट मीटरच्या बाजूला हा डबा बसला, चेंजओव्हर. वर बिजली, खाली जनरेटर, मध्ये शून्य. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. आणि डबल पोल, फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो, कारण जुन्या वाड्यात कोणाचा न्यूट्रल कोणाशी जोडलाय हे ब्रह्मदेवालाच ठाऊक. हे काम मात्र त्याने एकट्याच्या नावावर केलं नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं वेगळं, पण घराची लाईन बदलायची तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करायची असते, तो ज्यांच्याकडे काम करतो त्यांचं बिल आलं, त्यांच्या नंबरासकट.

एका गोष्टीवरून भांडण झालं ते पण सांगतो. मशीन जिन्याखालीच ठेवायचं असा मावशीचा हट्ट, पावसाची भीती. त्याने साफ नाही म्हटलं. जिना चौकात, चौक बंद, वर दमेकरी माणूस. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप आली असंच वाटतं. शेवटी मशीन मागच्या गल्लीकडच्या उघड्या ओट्यावर गेलं, खिडक्यांपासून लांब, वर पत्र्याचं छप्पर, बाजू मोकळ्या. मावशी दोन दिवस बोलली नाही, माझ्याशी, त्याच्याशी नाही. त्याला तर तिने डबाभर चकल्या दिल्या.

ही ती काळी वायर. जाताना त्याने दोन्ही पिना कापून खिशात टाकल्या आणि मधली वायर परत दिली. आता ती गच्चीवर आहे, दोन खिळ्यांमध्ये ताणलेली, आणि काकांचे टॉवेल वाळतायत तिच्यावर.