एन तीसच्या वर गेला, आता नॉर्मल लावू?

"एन ३०च्या वर गेला की नॉर्मल लावा." परीक्षेत हे मीही डोळे झाकून लिहिलंय. आज तेच मोडून बघू. (एन म्हणजे किती वेळा मोजलं ती संख्या; नॉर्मल म्हणजे घंटेच्या आकाराचा वक्र.)

हजार शब्दांचा मजकूर घ्या. प्रत्येक शब्दात टायपिंगची चूक असण्याची शक्यता, म्हणजे पी, ०.००२, आणि एका चुकीचा दुसरीशी संबंध नाही. हे झालं बायनॉमिअल, म्हणजे ठरावीक प्रयत्नांत घटना किती वेळा घडते त्याचं वितरण; सरासरी चुका २. एन तर चक्क हजार! लावा नॉर्मल: सरासरी २, प्रमाणित विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) १.४१. आता स्क्रीनवर बघा. वक्राचं जवळपास ८ टक्के क्षेत्रफळ शून्याच्या डावीकडे सांडलंय. म्हणजे मजकुरात उणे एक चूक! मुद्रितशोधक खूश होतील, पण असं होत नाही.

आता पॉयसाँ, म्हणजे विरळ घटनांच्या संख्येचं वितरण. एकही चूक नसण्याची खरी शक्यता म्हणजे ०.९९८चा हजारावा घात, ०.१३५१. पॉयसाँ म्हणतो, ईचा (म्हणजे २.७१८चा) उणे दोनावा घात, कारण सरासरी २: ०.१३५३. हे जमलं कसं? बायनॉमिअलचा व्हेरिअन्स (प्रमाणित विचलनाचा वर्ग) म्हणजे एन गुणिले पी गुणिले एक वजा पी. पी इतका बारीक की शेवटचा गुणक ०.९९८. तो १ धरला की व्हेरिअन्स सरासरीइतकाच होतो, आणि पॉयसाँची ओळखच ती. गंमत म्हणजे इथे एनची मातब्बरी नाहीच. एन काहीही असो, कुठल्याही घटनेच्या शक्यतेत पॉयसाँ फार तर पीइतका चुकतो.

१८९८ साली संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविचनं प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेनं मेलेल्या सैनिकांचे आकडे छापले. १० तुकड्या, २० वर्षं, अशा २०० नोंदी. त्यातल्या १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही. सरासरी ०.६१ धरून पॉयसाँ सांगतो १०८.७. यात एन किती, पी किती? विचारावंच लागलं नाही.

मग नॉर्मल कधी? नाणं १०० वेळा उडवा. ५५ किंवा कमी छापे पडण्याची खरी शक्यता ०.८६४४. नॉर्मलला ५५वर कापलं तर येते ०.८४१३, म्हणजे बऱ्यापैकी चूक. कारण ५५चा स्तंभ ५४.५पासून ५५.५पर्यंत पसरलेला असतो आणि आपण तो मधोमध चिरला. ५५.५वर कापा: ०.८६४३. ही अर्ध्याची दुरुस्ती लोक कंटाळून सोडून देतात, आणि मग दोष नॉर्मलला!

पॉयसाँची सरासरी वाढत गेली की त्याचाही तिरकेपणा (एका बाजूला लांबलेली शेपटी) ओसरतो, पण हळूहळू. तिरकेपणा निम्मा करायचा तर सरासरी चौपट हवी.

आपला मजकूर परत आणू. पी तोच, ०.००२. शब्द मात्र ५०,०००. सरासरी १००, प्रमाणित विचलन जवळपास १०. आता वक्र बघा: शून्य दहा विचलनं लांब गेलंय, आणि पॉयसाँचे स्तंभ नॉर्मलच्या रेषेखाली नीट बसलेत.