ब्रेकचं पेडल खाली का जातं?

(दृश्य: चाळीसगाव. रस्त्याकडेचं गॅरेज, पत्र्याची शेड. बॉनेट उघडलेली पांढरी कार.)

इंजिन बंद आहे. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवलाय, फाटकापाशी थांबल्यावर ठेवतात तेवढाच हलका. पेडल सुरुवातीला ठीक लागतं. मग पाय तसाच असताना ते सावकाश खाली सरकायला लागतं आणि शेवटी तळाला टेकतं.

"पेडल खाले जास, नाना."

नाना म्हणजे इथले मिस्तरी. ते लगेच गाडीखाली शिरत नाहीत. आधी विचारतात, "घाटातच गेलं, का आता थंड गाडीलाही जातंय?"

गाडी काल कन्नड घाट उतरून आली. नकाशावर त्याला औट्रम घाट म्हणतात. सोलापूर-धुळे महामार्ग इथे पठारावरून खानदेशात उतरतो. ड्रायव्हरचं म्हणणं, घाटात ब्रेक तापले, त्यात हे आपलं ऊन. इथे प्रत्येक बिघाडाचं खापर उन्हावर फुटतं. कूलर बंद पडला तरी ऊनच. पण ब्रेक ऑइल पंचेचाळीस अंशांच्या हवेने उकळत नाही. नवं डॉट ३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, डॉट ४ प्रतीचं किमान २३०. मात्र हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. मानकांमध्ये त्यात ३.७ टक्के पाणी धरून जी मोजणी करतात, तिथे हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला, तर कॅलिपरपाशी, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापाशी, एवढी उष्णता सहज तयार होते. ऑइलची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पोकळ लागतं.

फक्त तसं असतं तर गाडी थंड झाल्यावर पेडल बरंचसं परत आलं असतं. ही गाडी रात्रभर उभी होती.

(दृश्य: चारही चाकांच्या आतून फिरणारी बॅटरी.)

मग गळती बघायची. होज पाइप, कॅलिपर, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर. रबरी टोपी उचलून आत ओल आहे का, तेही. सगळं कोरडं. बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल खुणेवर. एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते: मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की पिस्टनने ऑइल चाकांकडे ढकलणारा) आणि बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा) यांचा सांधा. मागचं सील गेलं तर ऑइल बूस्टरच्या पोटात जातं. जमिनीवर थेंब नाही आणि डबी मात्र रिकामी होत जाते. नाना मास्टरचे दोन नट सैल करून सांध्यात बोट घालतात. बोट कोरडंच बाहेर येतं.

बूस्टरची परीक्षा साधी आहे. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारायचं, म्हणजे आतला व्हॅक्यूम संपतो. मग पाय दाबून ठेवायचा आणि स्टार्टर मारायचा. पेडल थोडं खाली जाऊन थांबलं, तर बूस्टर चांगला. या 'थोडं खाली जाण्या'लाच बिघाड समजून किती बूस्टर फुकट बदलले गेले असतील, कोण जाणे.

बाहेर गळती नाही, तरी दाब टिकत नाही. म्हणजे ऑइल आतल्या आत परत फिरतंय.

(दृश्य: अगदी जवळून, ऑइलची उघडी डबी.)

नाना डबीवर बॅटरी धरतात. "दाब. जोर नको, हळू."

पेडल खाली जातंय आणि ऑइलच्या पृष्ठभागावर, एका कोपऱ्यात, बारीकशी उकळी फुटल्यासारखी हालचाल दिसते. चाकांकडे जायचं ऑइल पिस्टनच्या रबराला वळसा घालून डबीत परत येतंय. जोरात पाय मारला की रबराची कड दाबाने सिलिंडरला चिकटते आणि ब्रेक लागतो. हलक्या पायाला ती कड धरत नाही. म्हणूनच हा बिघाड गावात, फाटकावर, गर्दीत जाणवतो. हायवेवर कळतही नाही.

तरी नाना पार्ट मागवत नाहीत. मास्टरमधून निघणाऱ्या दोन्ही नळ्या सोडून तिथे बंद नट बसवतात आणि ऑइलमध्ये अडकलेली हवा त्या नटांपाशीच काढतात. आता चाकांचा संबंध उरला नाही. पेडल दगडासारखं राहिलं असतं, तर दोष पुढे कुठेतरी होता. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत कधी त्याच्या युनिटमधला व्हॉल्व्हही असं करतो. पण इथे पेडल पुन्हा खाली गेलं. निकाल लागला.

(दृश्य: वाइसमध्ये धरलेला नवा मास्टर सिलिंडर.)

जुन्या जीपच्या काळात बिडाचा मास्टर घासून त्यात रबर किट टाकायचे. या गाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. तो घासला की आतला कडक थर जातो, म्हणून नवाच. तो वाइसमध्येच भरून घेतात: दोन छोट्या नळ्या, टोकं डबीतल्या ऑइलमध्ये बुडालेली, पिस्टन सावकाश आत-बाहेर. बुडबुडे थांबले की गाडीवर चढवायचा आणि मग एकेका चाकाच्या ब्रेकमधली हवा काढायची. चाकांचा क्रम प्रत्येक गाडीचा वेगळा, तो कंपनीच्या पुस्तकातून घ्यायचा. जुनं ऑइल डबीत परत नाही. डबीत इंजिन ऑइल तर कधीच नाही, त्याने सगळी रबरं फुगतात.

दुपारी पेडल वरच थांबलं. हलक्या पायाने, जोराच्या पायाने, इंजिन चालू ठेवून, बंद ठेवून.

(दृश्य: जुना मास्टर उघडलेला.)

आत, पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्याच्या पुढे, काळपट खरखरीत पट्टा आहे. रबराच्या कडेवर नखाएवढी फाट.

"हवा कधी काढली होती?" नाना विचारतात.

"मागच्या महिन्यात, पॅड बदलले तेव्हा. दुसरीकडे."

हवा काढताना पेडल तळापर्यंत मारलं गेलं. वर्षानुवर्षं न वापरलेल्या त्या खरखरीत भागावरून रबर ओढलं गेलं आणि कड फाटली. तेव्हापासून पेडल खाली बसत होतं. घाटामुळे फक्त लक्षात आलं. नाना शेडच्या कोपऱ्यातून लाकडाचा एक ठोकळा आणून दाखवतात. जुन्या गाडीची हवा काढताना तो पेडलखाली ठेवतात, म्हणजे पाय कितीही जोरात पडला तरी पिस्टन रोजच्या जागेच्या पुढे जात नाही.