रांजणातला माणूस

श्रोतेहो, नमस्कार. गावाचा इतिहास म्हटलं की आपण सनदा आणि वतनाचे कागद शोधायला लागतो. पण कागदांच्या आधीचा इतिहास मातीत असतो. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या, टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. (आणि हो, गावोगावची पांढरी ट्रॉल्या भरभरून शेतात नेतात ना, ते थांबवायलाच हवं. खत दुसरं मिळेल, पांढरी पुन्हा मिळणार नाही.)

या गावात माणूस गेला की घरातच, जमिनीखाली पुरायचे. लहान मूल असेल तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात. मोठं माणूस असेल तर खड्ड्यात उताणं, आणि घोट्याखाली पाय तोडून. पाय तोडून, बरं का. गेलेल्यानं घर सोडून भटकू नये, म्हणून असेल, असं अभ्यासक सांगतात.

आता ऐका. पाच खोल्यांचं एक मोठं घर. त्याच्या अंगणात खणताना कच्च्या मातीचा एक रांजण लागला. साधा रांजण नव्हे, चार पायांचा! पोट पुढे आलेलं, बाईमाणसाच्या अंगासारखा घाट. आत चाळिशीचा एक पुरुष, मांडी घालून बसवलेला. आणि त्याचे पाय? शाबूत! अख्ख्या गावाचे पाय तोडले, याचे तोडले नाहीत. हा गावचा प्रमुख असावा, असं उत्खनन करणारे डॉ. ढवळीकर मानत. तिथंच खालच्या थरात तसाच आणखी एक रांजण निघाला, पण त्यात माणूस नव्हता. मला वाटतं, हा रिकामा रांजण आधीच्या एखाद्या प्रमुखाचा; तो परमुलखात गेला असेल, देह हाती लागला नसेल, आणि तरीही गावानं त्याचा मान चुकवला नाही.

बाकी गाव आपल्यासारखंच. जव, गहू, मसूर पिकवायचं, गुरं पाळायचं, नदीचं पाणी पाटानं फिरवायचं. इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास पाऊसमान घटलं. मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार वाढली. आणखी तीनशे वर्षांनी वस्ती उठली.