लिफ्टला पाटी आहे, मजल्याला नाही

नमस्कार मंडळी. आत्ता ऑफिसात बसून ऐकत असाल तर संध्याकाळी निघताना लिफ्टमधली पाटी जरा नीट वाचा. सहा माणसं, 408 किलो. सातवा आत शिरला की आपणच म्हणतो, अहो नको, पुढच्या खेपेला या. पण त्याच लिफ्टने वर जाऊन ज्या मजल्यावर आपण दिवसाचे नऊ तास बसतो, तो किती वजन पेलतो हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि कुणी विचारतही नाही.

मी बिल्डिंग रिपेअरच्या कामात वीसेक वर्षं आहे, म्हणून हे पोटतिडकीने सांगतोय. आयएस 875 नावाचं आपलं भारतीय स्टँडर्ड आहे, बिल्डिंगवर किती वजन धरायचं ते सांगणारं, त्यात ऑफिसच्या स्लॅबला चौरस मीटरला साधारण 250 किलो धरतात, तेही सामान ठेवायची खोली वेगळी असेल तर, नसेल तर 400, आणि फायलींच्या खोलीला 500. राहत्या घराच्या खोलीला फक्त 200. आता मुंबईत राहत्या फ्लॅटमध्ये ऑफिसं किती आहेत ते तुम्हीच बघा.

कागदाचं वजन तर आपल्या लक्षातच येत नाही. झेरॉक्सच्या ए-फोर कागदाचं एक रीम अडीच किलो, पाच रिमांचा खोका साडेबारा किलो. चौरस मीटरभर जागेत असे पंधराएक खोके मावतात, नुसते तीन थर रचले, म्हणजे कमरेपर्यंतसुद्धा नाही, की साडेपाचशे किलोच्या वर गेलात.

फोर्टातल्या एका जुन्या बिल्डिंगमधलं सांगतो. दुसऱ्या मजल्यावर साफसफाईला येणाऱ्या मावशी रोज सकाळी एकाच टेबलावरची पांढरी भुकटी पुसायच्या, कीबोर्डवर, चहाच्या कपात. त्यांनी दोन-तीनदा सांगितलं, साहेब वरून काहीतरी पडतंय, पण एसीची धूळ म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आम्हाला बोलावलं ते दुसऱ्याच लीकेजसाठी. मावशींनी आम्हाला ते टेबल दाखवलं, मी फॉल्स सीलिंगची टाइल सरकवून टॉर्च मारला तर टाइलच्या पाठीवर काँक्रीटचे हातभर तुकडे पडलेले आणि वर सळया उघड्या, बोट लावलं तर गंजाचे पापुद्रे हातात येत होते. बरोबर त्याच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी कपाटांची रांग, पन्नास वर्षांच्या फायली, आणि शेजारी गळणारं टॉयलेट. त्याच संध्याकाळी खाली टेकू लावले, फायली उतरवायला दोन दिवस गेले.

समुद्राची खारी हवा आणि गळतं पाणी आत शिरलं की सळई गंजते, गंजली की फुगते, आणि आतूनच काँक्रीट फोडते. म्हणून पोपडा पडला की त्यावर नुसतं प्लास्टर मारून रंग लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

2017च्या जुलैत घाटकोपरला इमारत पडली, 17 माणसं गेली, तळमजल्यावर रिनोव्हेशन चालू होतं आणि खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. बांगलादेशात राणा प्लाझा नावाच्या इमारतीला 2013 साली पडण्याच्या आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या, खालच्या बँकेने आपल्या लोकांना घरी पाठवलं, वरच्या कारखान्यांनी कामगारांना परत कामावर बोलावलं, इमारत कोसळली आणि 1100च्या वर माणसं मेली. हे वाचलं की मला आजही झोप लागत नाही, कारण भेग सगळ्यांनी पाहिली होती.

तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला आपल्याकडे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, कायद्यानेच लागतं. तुम्ही भाडेकरू कंपनीत नोकरीला असलात तरी ॲडमिनला विचारा, रिपोर्ट कुठाय, त्यात हॅमर टेस्ट, म्हणजे काँक्रीटवर ठोकून त्याचा कणखरपणा तपासणं, केलीय का, कोअर, म्हणजे तपासायला काँक्रीटचा गोल तुकडा, काढलाय का. आणि इंटिरिअरवाला एसीचा पाइप न्यायला बीमला भोक पाडत असेल तर तिथेच हात धरा, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही दाखव म्हणा.

दरवाजा अचानक घासायला लागला, कॉलमवर नवी तिरकी भेग आली, वरून कडकड आवाज आला, तर लॅपटॉप गोळा करत बसू नका, जिन्याने खाली उतरा, शेजारच्या ऑफिसवाल्यांनाही हाक मारा, आणि बाहेर मोकळ्यावर आल्यावर मुंबई महापालिकेच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. लिहून घ्या, 1916.